भन्साळी उपोषण व चिमूर चौकशीची मागणी (१९४२-४३)

चिमूर (तेव्हाचा चांदा जिल्हा) येथील लष्करी अत्याचारांची निःपक्ष चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम (जि. वर्धा) आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी केलेले ६३ दिवसांचे उपोषण.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी, ऐन नागपंचमीला, चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जमाव व पोलीस यांच्यात रक्तपात झाला. दोन्हीकडची माणसे मेली. चिमूरला सरकारी अधिकारीही ठार झाले. हे नोंदवायला हवे, कारण खरी चौकशी जमावालाही सोडत नाही. पुढे चिमुरात गोरे सैनिक शिरले. पुरुषांची धरपकड झाली आणि स्त्रियांवर बलात्कार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. सरकारने चौकशी नाकारली.

भन्साळींनी आधी दिल्लीला जाऊन व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील बापूजी अणे यांचे दार ठोठावले. अणे यवतमाळचे, म्हणजे शेजारच्या वऱ्हाडचेच. तरी उपयोग झाला नाही. ११ नोव्हेंबरपासून उपोषण सुरू झाले. त्याच्या बातम्यांवर बंदी आली, तेव्हा ६ जानेवारी १९४३ रोजी वृत्तपत्रांनी निषेधाचा हरताळ पाळला. आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींना भन्साळींशी थेट संपर्काची परवानगी मिळाली नाही.

आरोप ज्यांच्यावर, त्यांच्याच हाती चौकशी, ही खरी अडचण होती. बाहेरच्यांकडून चौकशीची सोय अगदीच अज्ञात नव्हती. १८९९च्या हेग कराराने आंतरराष्ट्रीय चौकशी आयोग मान्य केले होते. पण ते राष्ट्राराष्ट्रांतील तंट्यांसाठी, प्रजेच्या गाऱ्हाण्यासाठी नव्हे. १९३२ मध्ये लंडनच्या इंडिया लीगचे शिष्टमंडळ हिंदुस्थानात फिरून दडपशाहीची माहिती घेऊन गेले, तेही खासगीच. आज संयुक्त राष्ट्रांची मानवाधिकार परिषद सत्यशोधन पथके नेमते. संबंधित देशाने प्रवेश नाकारला, तर त्यांनाही सीमेबाहेरूनच साक्षी घ्याव्या लागतात.

१२ जानेवारी १९४३ रोजी तडजोड होऊन उपोषण सुटले. बातम्यांवरील बंदी उठली, चिमूरला जाण्याची वाट मोकळी झाली. मागितलेली चौकशी मात्र मिळाली नाही. चिमूर-आष्टीच्या आरोपींवर खटले चालले, काहींना फाशीची शिक्षा झाली, ती १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलली. सैनिकांवर चौकशी बसलीच नाही.