फेलिक्स मेंडेलसोन : संगीताच्या वारशाचे जतन आणि त्या वारशातून झालेली हकालपट्टी

प्रास्ताविक

युरोपातील एखाद्या मोठ्या शहरातील संगीतसभेची कार्यक्रमपत्रिका आज पाहिली, तर तीतील बहुतेक रचना दिवंगत संगीतकारांच्या असतात. ही प्रथा इतकी रुळली आहे, की ती प्रारंभापासूनच असावी असे वाटते. वस्तुतः अठराव्या शतकात संगीत हे मुख्यतः चालू काळाचे मानले जाई. रचनाकाराच्या निधनानंतर त्याच्या बहुतेक कृती हळूहळू प्रचारातून जात आणि त्यांच्या स्वरलिपीच्या प्रती ग्रंथसंग्रहांत पडून राहत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही स्थिती पालटली. या परिवर्तनात मोठा वाटा असणाऱ्यांपैकी एक म्हणजे जर्मन संगीतरचनाकार व वाद्यवृंदसंचालक फेलिक्स मेंडेलसोन बार्थोल्डी (१८०९–१८४७) होत. ज्या वारशाची त्यांनी उभारणी केली, त्याच वारशाच्या नावाने पुढे त्यांना बहिष्कृत करण्यात आले. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रक्रियांचा परस्परसंबंध तपासला आहे.

घराणे व संस्कार

मेंडेलसोन यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८०९ रोजी हॅम्बुर्ग येथे झाला. यहुदी प्रबोधनाचे अग्रणी तत्त्वज्ञ मोझेस मेंडेलसोन हे त्यांचे आजोबा, तर वडील अब्राहम हे पेढीमालक होते. १८११ मध्ये कुटुंब बर्लिनला आले. १८१६ मध्ये मुलांचा ख्रिस्ती धर्मात बाप्तिस्मा झाला. आईवडिलांनी १८२२ मध्ये धर्मांतर केले व कुलनामास ‘बार्थोल्डी’ हे नाव जोडले गेले. ‘मेंडेलसोन’ हे नाव मुलाने सोडून द्यावे असा वडिलांचा आग्रह होता. मुलाने ते सोडले नाही. थोरली बहीण फॅनी हीदेखील समर्थ रचनाकार होती. परंतु संगीत हा व्यवसाय स्त्रियांसाठी नव्हे, अशी घराची धारणा होती.

फेलिक्स यांचे गुरू कार्ल फ्रीडरिख झेल्टर हे बर्लिनच्या ‘सिंगआकाडेमी’ या गायनसंस्थेचे प्रमुख होते. १८२१ मध्ये त्यांनीच बारा वर्षांच्या शिष्याला वायमार येथे महाकवी गटे यांच्या भेटीस नेले. सोळाव्या वर्षी रचलेले तंतुवाद्यांचे अष्टक (१८२५) आणि सतराव्या वर्षी शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकावर रचलेली पूर्वरंगरचना (१८२६) यांनी त्यांची स्वतंत्र प्रतिभा सिद्ध केली.

१८२९ : बाखचे पुनरागमन

योहान सेबास्टियन बाख १७५० मध्ये निवर्तला. तो पूर्णपणे विस्मृत झाला होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्याच्या कळवाद्यांवरील रचना जाणकारांच्या अभ्यासात होत्या आणि झेल्टर त्याच्या गायनरचनांच्या तालमी खाजगीरीत्या घेत. तथापि येशूच्या यातना व मृत्यू यांचे कथन करणारी ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही त्याची भव्य रचना सार्वजनिक सादरीकरणातून दीर्घकाळ लोप पावली होती. तिच्या स्वरलिपीची प्रत मेंडेलसोन यांना आजीकडून भेट मिळाली होती.

११ मार्च १८२९ रोजी सिंगआकाडेमीत वीस वर्षांच्या मेंडेलसोन यांच्या संचालनाखाली ही रचना सादर झाली. येशूची भूमिका त्यांचे मित्र, गायक-नट एदुआर्द देव्रिएंत यांनी गायली. श्रोत्यांच्या प्रतिसादामुळे २१ मार्च या बाखच्या जन्मदिनी दुसरा प्रयोग करावा लागला.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. या सादरीकरणात मूळ रचनेतील अनेक एकलगीते गाळलेली होती. प्रचारातून गेलेल्या जुन्या ओबो वाद्यांच्या जागी क्लॅरिनेट योजले होते. जी रचना मुळात चर्चमधील उपासनेचा भाग होती, ती आता सभागृहात ऐकली जात होती. म्हणजे जुन्या कृतीचे हे पुनरुज्जीवन जसेच्या तसे नव्हते, त्यात निवड होती. वारशाचे जतन करणारा प्रत्येक जण काय ठेवावे व काय वगळावे याचा निर्णय घेत असतो. हे सूत्र पुढील इतिहास समजण्यास उपयोगी पडते.

लाइप्झिग : परंपरेचे संस्थीकरण

झेल्टर यांच्या निधनानंतर जानेवारी १८३३ मध्ये सिंगआकाडेमीच्या प्रमुखपदासाठी निवडणूक झाली. तीत मेंडेलसोन यांचा पराभव होऊन कार्ल फ्रीडरिख रुंगेनहागेन निवडून आले. ड्युसेलडॉर्फ येथे काही काळ काम केल्यावर १८३५ मध्ये मेंडेलसोन यांनी लाइप्झिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाची सूत्रे हाती घेतली.

कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीतील सभागृहावरून या वाद्यवृंदास हे नाव मिळाले होते. तोपर्यंत तेथे वाद्यरचनांचे नेतृत्व प्रमुख व्हायोलिनवादक आपल्या जागेवरूनच करीत असे. मेंडेलसोन छडी हाती घेऊन संपूर्ण वृंदासमोर उभे राहिले. संचालक हा केवळ ताल दाखविणारा नसून रचनेच्या अर्थनिर्णयाची जबाबदारी घेणारा कलावंत आहे, ही कल्पना रुजविण्यात त्यांचा मोठा हातभार लागला. वादकांचे वेतन वाढावे म्हणूनही ते झटले.

१८३८ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक संगीतसभा’ आयोजित केल्या. त्यांत बाख व हँडेल यांच्यापासून पुढील रचनाकार कालक्रमाने सादर होत. २१ मार्च १८३९ रोजी शूबर्टची सी मेजर स्वरातील ‘महान’ सिंफनी प्रथमच सार्वजनिकरीत्या वाजली. तिचे हस्तलिखित रॉबर्ट शूमान यांना व्हिएन्नात आढळले होते. १८४० मध्ये सेंट थॉमस चर्चमध्ये ऑर्गनवादन करून मेंडेलसोन यांनी बाखच्या स्मारकासाठी निधी उभारला. त्या स्मारकाचे अनावरण १८४३ मध्ये झाले. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने लाइप्झिगची कॉन्झर्वेटरी स्थापन झाली आणि शूमान तिच्या पहिल्या अध्यापकांपैकी एक होते.

या व्यापातही त्यांचे रचनाकार्य थांबले नाही. ई मायनर स्वरातील व्हायोलिन कॉन्चेर्टो मार्च १८४५ मध्ये फर्डिनांड डाव्हिड यांनी प्रथम वाजविला. ‘एलायजा’ हा ओरेटोरिओ २६ ऑगस्ट १८४६ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे सादर झाला. मे १८४७ मध्ये फॅनीचे निधन झाले. त्या आघातानंतर काही महिन्यांतच, ४ नोव्हेंबर १८४७ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी मेंडेलसोन यांचे लाइप्झिग येथे निधन झाले.

१८५० : वारसा कोणाचा?

बाखच्या मृत्यूस शंभर वर्षे पूर्ण झाली त्या १८५० या वर्षी त्याचे समग्र संगीत प्रकाशित करण्यासाठी लाइप्झिगमध्ये बाख-संस्थेची स्थापना झाली. मेंडेलसोन यांनी चालविलेल्या कार्याचीच ती पुढची पायरी होती. त्याच वर्षी, त्याच शहरातून निघणाऱ्या ‘नॉये त्साइटश्रिफ्ट फ्यूर म्युझिक’ या नियतकालिकात संगीतातील यहुदी प्रभावावर हल्ला करणारा लेख टोपणनावाने प्रसिद्ध झाला. लेखक होते रिचर्ड वाग्नर. १८६९ मध्ये त्यांनी तो स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. मेंडेलसोन यांचे कौशल्य मान्य करूनही यहुदी वंशाचा कलावंत अंतःकरणाचा ठाव घेणारे संगीत निर्माण करू शकत नाही, असा त्यांचा दावा होता. बाप्तिस्मा, जर्मन भाषा, बाखची सेवा यांपैकी काहीही या युक्तिवादात ग्राह्य नव्हते. कारण त्याचा आधार कृती नसून जन्म हा होता. कॉन्झर्वेटरीतील अध्यापकांनी लेखाचा निषेध करून नियतकालिकाचे संपादक व आपले सहकारी फ्रान्झ ब्रेंडेल यांना दूर करण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही.

या लेखापासून नात्सी राजवटीपर्यंत सरळ रेषा ओढणे इतिहासदृष्ट्या योग्य नव्हे. मधल्या काळात मेंडेलसोन यांचे संगीत वाजतच होते आणि १८९२ मध्ये नव्या गेवांडहाउससमोर त्यांचा पुतळाही उभारला गेला. परंतु १९३३ नंतर राज्यसत्तेने जन्माचा निकष कायद्याच्या पातळीवर नेला, तेव्हा हा जुना युक्तिवाद तिला आयताच उपलब्ध होता. मेंडेलसोन यांच्या रचना जर्मन कार्यक्रमपत्रिकांतून नाहीशा झाल्या. शेक्सपिअरच्या त्याच नाटकासाठी इतरांकडून पर्यायी संगीत करवून घेण्यात आले. नोव्हेंबर १९३६ मध्ये महापौर कार्ल गोर्डेलर परगावी असताना उपमहापौरांच्या आदेशावरून पुतळा हटविण्यात आला. तो पुन्हा बसविण्याची मागणी फेटाळली गेल्यावर गोर्डेलर यांनी पद सोडले. पुढे हिटलरविरोधी कटातील सहभागाबद्दल १९४५ मध्ये त्यांना फाशी देण्यात आले. पुतळ्याची प्रतिकृती २००८ मध्ये सेंट थॉमस चर्चजवळ उभी राहिली.

समारोप

मेंडेलसोन यांनी बाख वाचविला तो पुतळ्याने नव्हे, तर तालीम, सादरीकरण, अध्यापन आणि कार्यक्रमाची जाणीवपूर्वक आखणी यांच्या बळावर. त्यांना वगळण्यासाठीही कार्यक्रमपत्रिका, पाठ्यक्रम व सार्वजनिक जागा हीच साधने वापरण्यात आली. सांस्कृतिक वारसा आपोआप टिकत नाही व आपोआप नष्टही होत नाही. दोन्ही गोष्टी संस्थांमधील माणसांच्या निर्णयांतून घडतात. १८५० मधील अध्यापकांचे निषेधपत्र निष्फळ ठरले, तरी निर्णयाच्या क्षणी कोण कोठे उभे होते याची नोंद त्याने मागे ठेवली. अध्यापन व अभ्यासक्रमनिर्मिती हे ज्यांचे नित्याचे कार्य आहे, त्यांच्यासाठी मेंडेलसोन यांच्या चरित्राचे महत्त्व केवळ संगीताच्या इतिहासापुरते नाही, ते यामुळेच.