जंगलातील गुन्हा : ऱ्हाइनपासून आदिलाबादपर्यंत

शिक्षेच्या इतिहासात ‘गुन्हा कोणता?’ हा प्रश्न आधी येतो. १८४२ मध्ये प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतातील लाकूडचोरीच्या कायद्यावर कार्ल मार्क्स यांनी कठोर टीका केली. जंगलात गळून पडलेले सरपण वेचणे हा गोरगरिबांचा रूढ हक्क होता. त्यालाच चोरी ठरविले जात होते.

१८६४ मध्ये जर्मन वनशास्त्रज्ञ ब्रँडिस भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. गावांसाठी वने राखावीत, असे त्यांचे मत होते. तथापि १८७८ च्या कायद्याने सरकारची मालकीच बळकट केली. निजामाच्या राज्यात हा कायदा लागू नव्हता, परंतु राखीव जंगलांची पद्धत तेथेही आली. आदिलाबादेतील गोंड व कोलामांची शेते तीत गेली आणि पूर्वापार कसणारा अतिक्रमक ठरला. १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमाराम भीम व त्यांचे सहकारी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. खटला नाही, निकाल नाही. शिक्षा मात्र झाली.

यानंतर गोंडांच्या स्थितीचा अभ्यास हायमेनडॉर्फ यांनी केला. व्हिएन्नात जन्मलेल्या या मानववंशशास्त्रज्ञाकडे जर्मन पारपत्र होते. म्हणून महायुद्धात ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ या नात्याने त्यांच्यावर हैदराबाद राज्यातच राहण्याचे बंधन होते. त्यांनी दंडाऐवजी जमिनीचे पट्टे व शिक्षण यांवर भर दिला. मारलवाई येथे गोंड शिक्षक घडू लागले; गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेने या वनवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे मान्य केले. ज्याला गुन्हा म्हटले गेले, तो हक्क होता.