करवतीची मूठ कोणाच्या हाताची?



आमच्या बचत गटातल्या चौघीजणी सध्या सुतारकाम शिकताहेत. पहिल्याच आठवड्यात एकीच्या तळहाताला फोड आले. करवत नवी कोरी होती, जाड प्लॅस्टिकच्या मुठीची. शिकवणारे काका म्हणाले, “होईल सवय हळूहळू.” दुसऱ्या दिवशी मी घरून सासऱ्यांची जुनी करवत नेली. तिची लाकडी मूठ वापरून काळी झालेली, वरचं टोक उडालेलं. त्या मुलीनं ती धरली, दोन हात मारले आणि म्हणाली, “ताई, ही हातात बसते हो!”

का बसते? आज त्याचीच गोष्ट सांगते. ती सुरू होते आपल्यापासून फार लांब.

जुन्या काळी इजिप्तमध्ये करवती तांब्याच्या आणि काशाच्या असत. हे धातू मऊ. पातं पुढे ढकललं तर वाकायचं, म्हणून करवत स्वतःकडे ओढून कापत. ओढायच्या करवतीला साधी सरळ मूठ पुरते. आपल्याकडचे जुने सुतारही जमिनीवर बसून, लाकूड पायानं दाबून, करवत ओढून कापत आले. जपानमध्ये आजही तीच रीत आहे. तिथं मूठ लांब, सरळ आणि हलक्या लाकडाची असते, तिच्यावर वेत गुंडाळलेला असतो.

युरोपात पोलादाचे रुंद पत्रे मिळू लागले, तेव्हा ढकलून कापायच्या करवती आल्या. १७४० च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समन यांनी मुशीत पोलाद वितळवून ते एकसारखं करण्याची रीत बसवली. पुढे शेफिल्ड हे करवतींचं मोठं गाव झालं. आता ढकलायचं म्हणजे तळहाताचा सगळा जोर मुठीवर येणार. म्हणून मूठ वळणदार झाली. मध्ये बोटांसाठी भोक, वर आणि खाली बाक दिलेली दोन टोकं. त्या टोकांना तिकडचे सुतार शिंगं म्हणतात. हात वरखाली सरकू नये म्हणून ती असतात.

आता प्रश्न आला, ही मूठ कशाची करायची?

आपल्याला वाटेल, लाकूड मजबूत असलं म्हणजे झालं. पण प्रत्येक हत्याराची गरज वेगळी. कुऱ्हाडीला आणि हातोड्याला दणका बसतो, म्हणून त्यांचा दांडा चिवट हवा, थोडा लवणारा हवा. आपल्याकडे त्यासाठी बाभूळ वापरतात, तिकडे ॲश नावाचं झाड. करवतीला दणका नसतो. तिची मूठ वळणावर कोरावी लागते, तिच्यात पात्यासाठी बारीक चीर पाडावी लागते, स्क्रूसाठी भोकं पाडावी लागतात. आणि दिवसभर ती कातडीला घासते. म्हणजे लाकूड बारीक कणाचं हवं, कुसळ न निघणारं हवं, गुळगुळीत होणारं हवं. ओक भक्कम असतो, पण त्याची छिद्रं मोठी, आणि त्यातल्या तुरट रसामुळे लोखंडाजवळ तो काळा पडतो. म्हणून तो मागे पडला.

निवड झाली ती बीच या झाडाची. इंग्लंडात बीच भरपूर, स्वस्त, एकसारख्या कणाचं. चांगल्या मालासाठी सफरचंदाचं लाकूड वापरत. ते बीचपेक्षा घट्ट, तांबूस, आणि हातानं घासघासून काचेसारखं होणारं. पण सफरचंदाचं झाड लहान आणि वेडंवाकडं, त्यातून मुठीएवढा निर्दोष तुकडा मिळणं कठीण. म्हणून ते महाग.

रॉचेस्टर या इंग्लिश गावाच्या संग्रहालयात बेंजामिन सीटन नावाच्या तरुण सुताराची पेटी ठेवली आहे. १७९६ च्या अखेरीस वडिलांनी त्याला हत्यारं घेऊन दिली. त्यानं १७९७ मध्ये स्वतः पेटी बनवली आणि हत्यारांची यादी लिहून ठेवली. त्यातल्या करवती शेफिल्डच्या केनियन यांच्या. हत्यारं फारशी वापरली गेली नाहीत, म्हणून तेव्हाचं काम आजही जसंच्या तसं पाहायला मिळतं.

आता अमेरिकेत जाऊ या. हेन्री डिस्टन हा इंग्लंडमध्ये १८१९ साली जन्मलेला मुलगा १८३३ मध्ये वडील आणि बहिणीबरोबर फिलाडेल्फियाला उतरला. काही दिवसांतच वडील वारले. पोरका मुलगा करवती बनवणाऱ्याकडे उमेदवारीला राहिला आणि १८४० मध्ये त्यानं स्वतःचा धंदा काढला. पुढे तो जगातल्या मोठ्या करवत कारखानदारांपैकी एक झाला. त्याच्या कारखान्यात मुठीच्या लाकडावरून मालाची प्रत कळायची. ‘नंबर ७’ या साध्या करवतीला बीच. १८७४ मध्ये आलेल्या प्रसिद्ध ‘डी-८’ ला सफरचंद. मुठीवर गव्हाच्या ओंब्यांची नक्षी कोरलेली. काही भारी करवतींना पुढे रोझवूडही लावलं गेलं, म्हणजे आपल्या शिसवीच्या कुळातलं लाकूड.

पण मैत्रिणींनो, हातात बसण्याचं गुपित नुसत्या लाकडात नव्हतं. जुन्या मुठी कानशीनं हातानं गोलाकार घासलेल्या असत, आणि भोक लहान असे. कारण करवत चार बोटांनी आवळायची नसते. तर्जनी सरळ पात्याच्या दिशेनं ठेवायची आणि तीन बोटांनी मूठ धरायची. मग करवत बोट दाखवाल तिकडे जाते. विसाव्या शतकात मजुरी वाचवण्यासाठी हाताचं घासकाम कमी झालं. मुठी चपट्या, ठोकळ्यासारख्या होत गेल्या. मग प्लॅस्टिक आलं. प्लॅस्टिक पावसात फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, ते स्वस्त पडतं. हे गुण खरेच आहेत. पण साच्यात ओतलेली मूठ एकाच मापाची. ते माप कोणाच्या हाताचं? आमच्या त्या मुलीच्या हाताचं तर नक्कीच नव्हतं.

दुसरंही एक झालं. जुनी मूठ पितळी स्क्रूनं बसवलेली असे. मोडली तर काढा, नवी करा. पातं बोथट झालं तर कानशीनं दात लावा. आजच्या पुष्कळ स्वस्त करवतींचे दात इतके कडक केलेले असतात की कानस त्यांच्यावर चालतच नाही, आणि मूठ पात्यावरच ओतलेली असते. धार गेली की सगळंच भंगारात. हत्यार आईकडून लेकीकडे, सासऱ्याकडून सुनेकडे जाण्याची वाटच बंद झाली.

म्हणून आम्ही काय केलं ते सांगते. सासऱ्यांच्या करवतीची मूठ काढली, कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखली, आणि त्या मुलीच्या हाताप्रमाणे भोक थोडं आत घेतलं. काका म्हणाले, सागाचा तुकडा आहे. पण साग रेषेत लवकर फाटतो, आणि बारीक शिंगं टिकणार नाहीत. शेवटी एका मोडक्या पलंगाचा शिसवी पाय मिळाला. शिसवी कुळाच्या लाकडाच्या परदेशी व्यापारावर २०१७ पासून जगभर निर्बंध आहेत, इतकं ते दुर्मिळ होत चाललंय. म्हणून झाड तोडून नको, जुनंच वापरलेलं बरं.

तुम्ही मूठ केलीत तर एवढं लक्षात ठेवा. मुठीचा सगळ्यात अरुंद भाग कुठला ते बघा, आणि लाकडाच्या रेषा त्या भागातून लांबीनं जातील असा तुकडा ठेवा. रेषा आडव्या गेल्या तर मूठ तिथंच मोडणार. शिंगांमध्ये रेषा तोकड्या राहतात, म्हणून करवत पडली की आधी शिंग उडतं. सासऱ्यांच्या करवतीचं तसंच झालं होतं. कडा नीट गोल करा, जवसाचं तेल चोळा. आणि जुनी करवत भंगारात घालण्याआधी तिची मूठ कागदावर आखून ठेवा.

नवी मूठ बसली त्या दिवशी त्या मुलीनं स्वतः करवत चालवली आणि स्वतःसाठी पाट बनवायला घेतला. हाताचे फोड केव्हाच बरे झाले होते. काका बाजूला उभे राहून बघत होते. मग म्हणाले, “माझ्या हाताची पण एक आखून दे गं.”