लाओसची शांतता

लाओस देशाविषयीं जे कोणी लिहितात, त्यांच्या लेखणींतून एक विशेषण हटकून उतरतें. तें म्हणजे 'शांत'. गेल्या हिवाळ्यांत एक आठवडा त्या देशांत काढण्याचा योग आला, तेव्हां हें विशेषण खोटें आहे असें मलाही म्हणतां येईना. लुआंग प्रबांग येथें पहाटे भिक्षूंची रांग अनवाणी निघते. रस्त्याच्या कडेस गुडघे टेकून बसलेल्या बायका बांबूच्या टोपलींतून चिकट भाताचा एकेक घांस त्यांच्या पात्रांत घालतात. आणि हा सारा व्यवहार अवाक्षरही न उच्चारतां उरकतो. दुपारीं मेकाँगच्या कांठीं बसावें, तों समोर ओसरलेल्या पाण्यानें उघड्या पडलेल्या वाळवंटांत भाजीचे वाफे दिसतात, एखादी होडी पैलतीराकडे जाते, आणि आपण कोणत्या वारीं येथें आलों हेंही आठवेनासें होतें.

परंतु इतिहासाच्या वाचकास शांततेचें नुसतें सुख पुरत नाहीं. ही शांतता या भूमीच्या स्वभावांतलीच, कीं कोणी येथें आणून बसविलेली, हा प्रश्न दुसऱ्या दिवसापासूनच माझ्या मागें लागला.

फा न्गुम नांवाच्या राजपुत्रानें इ. स. 1353 मध्यें येथें जें राज्य स्थापिलें, त्याचें नांव लान झांग, म्हणजे दशलक्ष हत्तींचें राज्य. असें नांव घेणारे लोक मुळांत निवृत्त वृत्तीचे होते असें कोण म्हणेल? फा न्गुम हा अंकोरच्या दरबारांत वाढलेला व ख्मेर राजकन्येचा पति. 'फ्रा बांग' ही जी बुद्धमूर्ति या राजवंशाची कुलदेवतेसारखी होऊन बसली, तिच्याच नांवावरून पुढें लुआंग प्रबांग हें नगराचें नांव पडलें. ब्रह्मी सैन्याचें भय वाढलें तेव्हां, 1560 मध्यें, सेत्थाथिरात राजानें राजधानी दक्षिणेस व्हिएंतियान येथें हलविली, आणि 1566 पासून तेथें थाट लुआंग हा मोठा स्तूप उभारला. व्हिएंतियान या नांवाचा अर्थ कोणी चंदनाची नगरी, कोणी चंद्राची नगरी असा करतात. दोहोंतला कोणताही घेतला तरी शब्द आपल्या घरचाच.

या राजधानीचें वैभव परकीयांनींही पाहिलें आहे. 1641 मध्यें डच ईस्ट इंडिया कंपनीचा वान वुइस्तॉफ हा व्यापारी कंबोडियांतून नदीच्या उलट प्रवाहानें कित्येक महिने प्रवास करून येथें पोंचला. त्याच्या पाठोपाठ लेरिया नांवाचा जेझुइट पाद्री आला व सुमारें पांच वर्षें राहिला. दोघांनींही भरल्या दरबाराचें व गजबजलेल्या नगराचें वर्णन केलें आहे. त्या वेळीं गादीवर होता सुलिन्यवोंग्सा. हें नांव म्हणजे आपला 'सूर्यवंश'. त्यानें अर्धशतकाहून अधिक काळ राज्य केलें. त्याच्या एकुलत्या एका पुत्रावर परस्त्रीगमनाचा आरोप शाबीत झाला, आणि कायद्यानें सांगितलेली देहांताची शिक्षा राजानें फिरविली नाहीं. बखरकारांस असा राजा फार आवडतो. परंतु सतराव्या शतकाच्या अखेरीस तो वारला, तेव्हां राज्य सांभाळील असा वयांत आलेला वारस उरला नव्हता. भाऊबंदकी माजली, आणि 1707 ते 1713 या अवघ्या सहा वर्षांत एका राज्याचीं लुआंग प्रबांग, व्हिएंतियान व चंपासाक अशीं तीन राज्यें झालीं. तिन्ही दुर्बळ, आणि तिन्हींवर शेजाऱ्यांचा डोळा.

पुढील घडामोड मी व्हिएंतियानच्या नदीकांठीं उभा राहून मनांत जुळविली. 1779 मध्यें सयामी सैन्यानें हें शहर घेतलें, आणि ज्या पाचूच्या बुद्धास आज बँकॉकच्या राजमंदिरांत लाखों लोक वंदन करतात, तो त्या वेळीं येथून गेला. येथला राजा अनुवोंग यानें 1827 मध्यें सयामाविरुद्ध शस्त्र उचललें. त्याचें फळ भयंकर झालें. 1828 पर्यंत नगर जाळून जमीनदोस्त करण्यांत आलें, आणि हजारों कुटुंबें नदीपलीकडे हांकून नेऊन कायमचीं तेथें वसविलीं गेलीं. अनुवोंगानेंच 1818 मध्यें बांधविलेलें सी साकेत मंदिर तेवढें उभें राहिलें. 1867 मध्यें फ्रेंचांची शोधमोहीम मेकाँगच्या मार्गानें येथें पोंचली, तेव्हां तिला रानानें गिळलेले अवशेष दिसले. वुइस्तॉफनें पाहिलेल्या नगराचें सव्वादोनशें वर्षांत हें झालें!

1893 मध्यें फ्रेंचांनीं सयामाकडून डावा तीर घेतला. जी नदी लाओ लोकांच्या घराचें अंगण होती, ती सरहद्द झाली. परिणामीं आज लाओ भाषा बोलणारे लोक लाओसपेक्षां थायलंडच्या ईशान्य भागांतच अधिक आहेत. व्हिएंतियानच्या तीरावर 2010 मध्यें अनुवोंगाचा जो पुतळा बसविला, त्याचा हात पैलतीराकडे पुढें केलेला आहे. संध्याकाळीं तेथें फिरायला येणाऱ्या मंडळींपैकीं त्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं.

यानंतरचा कालखंड अगदीं अलीकडचा. 1954 च्या जिनीव्हा करारान्वयें येथें देखरेख मंडळ नेमलें गेलें. त्याचें अध्यक्षपद भारताकडे होतें. 1962 मध्यें देश तटस्थ म्हणून जाहीर झाला. कागदावरची ही तटस्थता कोणीच पाळली नाहीं. 1964 ते 1973 या काळांत अमेरिकेच्या विमानांनीं या चिमुकल्या देशावर वीस लक्ष टनांहून अधिक बाँब टाकले, आणि त्यांतील सुट्या गोळ्यांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा न फुटतां मातींत राहिला. झियेंग ख्वांगच्या पठारावरील प्रचंड दगडी रांजण पाहण्यास जाणाऱ्यानें आंखून दिलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकूं नये, अशी ताकीद आहे. तेथील शेतकऱ्याला मात्र ही ताकीद पाळून नांगर धरतां येत नाहीं. तिकडच्या रानांतली नीरवता निराळी आहे.

शेवटचे दोन दिवस चंपासाकला काढले. तेथें डोंगराच्या कुशींत वात फू हें प्राचीन शिवस्थान आहे. डोंगरमाथ्यावरचा सुळका लिंगासारखा दिसतो, म्हणून जुने लेख त्याला लिंगपर्वत म्हणतात. पायथ्याजवळ नदीकांठीं पांचव्या शतकांतला एक संस्कृत शिलालेख सांपडला. त्यांत देवानीक नांवाच्या राजानें येथें तीर्थ स्थापून त्याला कुरुक्षेत्र हें नांव दिल्याचें कोरलें आहे. भारतीय प्रवाशाचें पाऊल येथें क्षणभर अडखळतें. त्या राजाला पुण्यभूमि हवी होती, रणभूमि नव्हे, हें उघडच आहे. पुढें शिवाच्या जागीं बुद्ध आला, आणि उत्तरपूजा मात्र कोणाचीच झाली नाहीं. त्याच गाभाऱ्यांत आजही लोक उदबत्त्या लावतात. पडझड झालेल्या भागाच्या जीर्णोद्धाराला आपल्या पुरातत्त्व खात्यानेंही हात लावला आहे.

वर चढणाऱ्या पायऱ्यांच्या दुतर्फा खुरचाफ्याचीं जुनीं, वांकडीं झाडें आहेत. तें लाओसचें राष्ट्रीय फूल. लाओ लोक त्याला 'चंपा' म्हणतात. झाड मूळचें अमेरिकेंतलें, नांव मात्र आपल्या चंपकाचें. मी गेलों तेव्हां एक म्हातारी पायऱ्यांवर पडलेलीं फुलें वेंचून केळीच्या पानांत रचीत बसली होती, आणि खालीं, शेतांच्या पलीकडे, मेकाँग दिसत होती.