लक्षण, चाचणी आणि शंका : रोगभयाच्या इतिहासातील एक प्रकरण

संसर्गाची शक्यता असलेल्या शरीरसंबंधानंतर मनुष्य स्वतःच्या देहाकडे संशयाने पाहू लागतो. घसा दुखला, अंगावर पुरळ उठले, काखेत एखादी गाठ हाताला लागली, की त्याला ती रोगाची खूण वाटते. एच. आय. व्ही.च्या संदर्भात परिचित झालेली ही अवस्था वैद्यकाचा विषय म्हणून इतिहासाच्या अभ्यासकास परकी वाटण्याचा संभव आहे. तथापि या शंकेलाही इतिहास आहे. तिचे रूप लक्षणांपेक्षा उपलब्ध चाचणीने, आणि त्या चाचणीच्या निकालाचे समाज काय करील या भीतीने, अधिक ठरत आले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उपदंशापासून आरंभ करणे सोयीचे होईल. भावमिश्राने सोळाव्या शतकात ‘भावप्रकाशा’त ज्याला ‘फिरंग रोग’ म्हटले आणि मराठीत जो ‘गरमी’ या नावाने ओळखला गेला, त्या रोगाचा प्रारंभीचा व्रण उपचाराविनाही भरून येतो. पुढे रोग वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. फ्रेंच वैद्य रिकोर याने 1838 मध्ये रोगाच्या तीन अवस्था मांडल्या. पण त्यामुळे शंकेखोर रुग्णास दिलासा मिळण्याऐवजी व्रण नसणे हेदेखील भयाचे कारण झाले. वासरमन याच्या 1906 मधील रक्तपरीक्षेने हा प्रश्न सुटेल, अशी अपेक्षा होती. परंतु कुष्ठरोग व हिवताप यांच्या रुग्णांतही ही परीक्षा कधीकधी होकारार्थी येई, आणि संसर्गानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ती नकारार्थी येऊ शके. शंका त्वचेवरून प्रयोगशाळेत गेली, इतकेच.

एड्सच्या बाबतीत हाच क्रम विलक्षण वेगाने घडला. 5 जून 1981 रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील 5 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. 1983 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी विषाणू वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. मार्च 1985 मध्ये अमेरिकेत पहिल्या रक्तचाचणीस परवाना मिळाला. ही चाचणी मुळात रक्तपेढ्यांतील रक्त तपासण्यासाठी होती, भयग्रस्त व्यक्तीच्या समाधानासाठी नव्हे. ही गोष्ट सहसा विसरली जाते. शिवाय ती विषाणू शोधत नसे, त्याविरुद्ध शरीरात निर्माण होणारी प्रतिपिंडे शोधत असे, आणि ती निर्माण होण्यास काही आठवडे लागतात. हाच तो ‘विंडो पीरियड’. त्याच वर्षी सिडनी येथील वैद्यांनी संसर्गानंतर लवकरच येणाऱ्या तीव्र आजाराचे वर्णन केले: ताप, घसादुखी, पुरळ, सुजलेल्या गाठी. ही लक्षणे बहुधा 2 ते 4 आठवड्यांत दिसतात. म्हणजे ज्या अवधीत लक्षणे यावयाची, नेमक्या त्याच अवधीत त्या काळची चाचणी मुकी! साध्या फ्लूतही हीच लक्षणे आढळतात आणि अनेक संसर्गितांत ती जाणवतही नाहीत. त्यामुळे लक्षणांवरून होकार किंवा नकार काहीच सिद्ध होत नाही. तरीही मनुष्य जवळ असलेला एकच पुरावा, म्हणजे स्वतःचा देह, पुन्हा पुन्हा तपासत राहिला.

भारतात 1986 मध्ये मद्रास येथे सुनीती सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणीतून पहिले संसर्ग उघडकीस आले. लक्षणांपलीकडील भयाचे येथील ठळक उदाहरण मात्र गोव्याचे आहे. रक्तदानानंतर संसर्ग आढळल्यामुळे डॉमिनिक डिसोझा यांना 1989 मध्ये तेथील सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये 64 दिवस म्हापसा येथे स्थानबद्ध ठेवण्यात आले. त्यांच्या मातोश्री लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेल्या. पण न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरविली. अशा परिस्थितीत ‘मला रोग झाला आहे काय?’ या प्रश्नाइतकाच ‘ते कोणास कळेल?’ हा प्रश्नही भयावह होता. चाचणीसाठी माहितीपूर्वक संमती व गुप्तता यांना केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले ते 2017 च्या अधिनियमाने, जो 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला.

दरम्यान 1996 च्या सुमारास संयुक्त औषधोपचाराने रोगाचे स्वरूप पालटले. आता संबंधानंतर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावयाची प्रतिबंधक औषधे आहेत. प्रतिपिंडे व प्रतिजन दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेतील चाचणी 45 दिवसांनंतर बहुतेकांना निर्णायक उत्तर देते. शंकेचा काळ आखूड झाला आहे. मात्र त्या काळाचा मागोवा घेणाऱ्या संशोधकापुढे साधनांची अडचण कायम आहे. कारण जागरणाच्या रात्री काढून अखेर नकारार्थी निकाल घेऊन घरी गेलेला मनुष्य सरकारी अहवालांत केवळ एका आकड्यात मिसळून जातो.