कोणाला खेळवू, कोणाला बसवू?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

रविवारी रात्री नऊ वाजता आमच्या घरात एक विचित्र प्रकार चालतो. बायको मालिका बघत असते आणि मी मोबाईलमध्ये डोकं घालून अमेरिकेतल्या कुठल्या फुटबॉलपटूचं पोटरीचं दुखणं किती बरं झालंय ते वाचत असतो. फुटबॉल म्हणजे त्यांचा, हेल्मेटवाला. न्यू जर्सीतल्या भाच्याने तीन वर्षांपूर्वी मला त्यांच्या दहा जणांच्या फँटसी लीगमध्ये ओढलं. एक जण कमी पडत होता, म्हणून मामा. पैशांचा संबंध नाही. जो शेवटचा येईल त्याने पुढचं वर्षभर बाकीचे ठरवतील तो फोटो डीपीला ठेवायचा, एवढीच शिक्षा. पहिल्या वर्षी माझ्या डीपीवर गाढव होतं. काही जणांना आठवत असेल.

तर परवा शेजारचे काका म्हणाले, "अहो, हे सगळं सरकारने बंद केलं ना ऑगस्टमध्ये? तुम्ही अजून जुगार खेळताय?" हसून विषय टाळला, पण प्रश्न डोक्यात राहिला. कारण या खेळात आठवडाभर जे डोकं चालवावं लागतं, समोरच्याविरुद्ध जो डाव आखावा लागतो, त्याच आखणीच्या जोरावर अमेरिकेत आणि नंतर आपल्याकडे कोर्टाकचेऱ्या झाल्या, हजारो कोटींचे धंदे उभे राहिले. म्हणून हा इतिहास.

सुरुवात १९६२ ची. कॅलिफोर्नियातला ओकलंड रेडर्स हा संघ पूर्व किनाऱ्याच्या लांब दौऱ्यावर होता आणि सपाटून मार खात होता. त्या मोसमात त्यांनी १४ पैकी १३ सामने हरले. संघाच्या मालकीत छोटा वाटा असलेले बिल विंकेनबाख, संघाचे प्रसिद्धीप्रमुख बिल टनेल आणि ओकलंड ट्रिब्यूनचे वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसले होते. आपला संघ तर जिंकत नाही, मग आपणच कागदावर संघ का बनवू नये? वेगवेगळ्या संघांतले खेळाडू वाटून घ्यायचे आणि खऱ्या सामन्यात त्यांनी जे केलं त्याचे गुण आपल्या खात्यात जमा करायचे. रात्रभरात नियम तयार झाले. (हरणाऱ्या संघाच्या माणसांनी शोधलेला खेळ आहे हा. माझ्यासारख्याला त्याचा फार आधार वाटतो.)

१९६३ च्या ऑगस्टमध्ये विंकेनबाखच्या घरी पहिला ड्राफ्ट झाला. आठ संघ. कोणालाही प्रवेश नव्हता. तुम्ही व्यावसायिक फुटबॉलच्या कारभाराशी संबंधित असायला हवं, किंवा फुटबॉलवर लिहिणारे पत्रकार, किंवा मग रेडर्सची दहा सीझन तिकिटं घेतलेली किंवा विकलेली हवीत. म्हणजे खेळातलं कळतं अशीच माणसं. आणि शेवटच्या क्रमांकाला एक लाकडी ट्रॉफी, फुटबॉलच्या आकाराचा चेहरा आणि डोक्यावर मठ्ठ पोराची टोपी! ती घरात दर्शनी ठेवायची. आमचं गाढव कुठून आलं ते कळलं असेल.

पण गंमत पुढे आहे. त्या जाणकारांच्या लीगमध्ये पहिल्यांदा निवडला गेलेला खेळाडू होता जॉर्ज ब्लँडा. १९६१ मध्ये त्याने ३६ टचडाउन पास टाकले होते, त्याची कीर्ती डोक्यात होती. प्रत्यक्षात १९६२ मध्ये त्याचे ४२ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले होते. आणि जिम ब्राउन त्या वेळी शिल्लक होता! त्या ब्राउनने १९६३ मध्ये १,८६३ यार्ड धावून विक्रम केला. म्हणजे या खेळातली पहिलीच चाल नावाला भुलून खेळलेली. साठ वर्षांनी मीही दर ड्राफ्टला तेच करतो.

जाता जाता आपल्याकडचं. न्यूयॉर्क कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत आकडा लागायचा हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. १९६१ मध्ये ते आकडे येणं बंद झालं आणि १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीला मटका सुरू केला. तेच वर्ष! दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला ही जोडी महत्त्वाची वाटते. कारण मटकेवाल्याकडेही चार्ट असायचा. मागच्या सहा महिन्यांचे ओपन-क्लोज लिहिलेले, लाल पेनने खुणा केलेले. तोही म्हणायचा, मी अभ्यास करून लावतो. नुसता डाव आखणं हा काही कौशल्याचा पुरावा नाही. आखणीने निकालात फरक पडतो का, हा खरा प्रश्न. त्याची एक साधी कसोटी आहे : ठरवून हरता येतं का? मटक्यात ठरवून हरता येत नाही. फँटसीत येतं. पाय मोडलेले नऊ जण उतरवा, शून्य गुण गॅरंटीने.

मग ठरवून जिंकता येतं का? तर अर्धवट. इथे थोडं खोलात जातो, कंटाळा आला तर पुढचे तीन परिच्छेद सोडा.

आमच्या लीगमध्ये दर आठवड्याला एकाची एकाशी झुंज असते. मैदानात उतरवायचे नऊ : एक क्वार्टरबॅक, दोन रनिंग बॅक, दोन रिसीव्हर, एक टाइट एंड, एक फ्लेक्स म्हणजे मोकळी जागा, एक किकर आणि एका संघाचा अख्खा बचाव. बाकीचे बाकावर. धावून किंवा झेल घेऊन दहा यार्डांना १ गुण, टचडाउनला ६. क्वार्टरबॅकने पास टाकून टचडाउन झाला तर त्याला ४. बुधवारपासून जखमींच्या याद्या येतात, शुक्रवारी कोण 'शंकास्पद' ते कळतं आणि सामन्याआधी दीड तास न खेळणाऱ्यांची अंतिम यादी. साडेदहाचा सामना म्हणजे आपल्याकडे रात्री नऊ. माझी ती वेळ का ठरलेली आहे ते आता समजलं असेल.

नवखा माणूस काय करतो? ज्यांचे अंदाजे गुण सर्वांत जास्त ते नऊ जण उतरवतो आणि झोपतो. मीही दोन वर्षं तेच केलं. पण समोर कोण आहे ते बघितल्याशिवाय डाव आखता येत नाही. क्रिकेटमध्ये १२० चा पाठलाग आणि २२० चा पाठलाग सारखा खेळतो का कोणी? आपला संघ वरचढ असेल तर भरवशाची माणसं हवीत, दर सामन्यात निमूटपणे दहा-बारा गुण आणणारी. आपण कमजोर असू तर असा खेळाडू घ्यावा जो एक तर दोन आणेल नाहीतर पंचवीस. आपला क्वार्टरबॅक आणि त्याच संघातला रिसीव्हर एकत्र उतरवला तर एका टचडाउनचे गुण दोनदा मिळतात, पण तो संघ झोपला की दोघंही झोपतात. ही कमजोर माणसाची चाल. उलट समोरच्याकडे क्वार्टरबॅक असेल आणि त्याचा रिसीव्हर माझ्याकडे, तर त्यांचा प्रत्येक टचडाउन त्याला ४ आणि मला ६. त्याच्या आनंदात माझा वाटा मोठा!

आणखी एक बारीक गोष्ट भाच्याने फार उशिरा सांगितली (लबाड आहे). मोकळ्या जागेत लवकर खेळणाऱ्याला कधी टाकू नये. ती जागा सोमवारच्या सामन्यातल्या माणसासाठी ठेवावी, म्हणजे ऐनवेळी कोणी जखमी निघाला तर बाकावरचा कुठलाही रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड तिथे बसवता येतो. आपल्याकडे तो सामना मंगळवारी पहाटे पावणेसहाला सुरू होतो. गेल्या वर्षी मी सोमवारी २३ गुणांनी पुढे होतो आणि भाच्याचा एकच रनिंग बॅक उरला होता. मी दूध आणायला गेलो तेव्हा पुढे होतो, परत आलो तेव्हा मागे. सगळी आखणी बरोबर होती आणि हरलो. एका आठवड्यात नशीब जास्त, चौदा आठवड्यांत डोकं जास्त, इतकं मला कळलेलं आहे.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे.

ओकलंडच्या त्या लीगमधला अँडी मौसालिमस किंग्ज एक्स नावाचा बार चालवायचा. १९६९ पासून त्याच्या बारमध्ये हा खेळ सर्वसामान्यांसाठी सुरू झाला आणि पसरला. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनिएल ओक्रेंट आणि मित्रांनी बेसबॉलचा असाच खेळ काढला, पत्रकार मंडळी असल्याने त्याचा बोलबाला झाला. तेव्हा सकाळच्या पेपरातले आकडे बघून हाताने बेरजा करत. इंटरनेटने बेरजा फुकट केल्या आणि लाखो लोक खेळू लागले.

२००६ मध्ये अमेरिकन संसदेने ऑनलाइन जुगाराच्या पैशांवर बंदी आणली, पण फँटसीला सूट दिली. अटी होत्या : बक्षीस आधी जाहीर हवं, निकालात खेळणाऱ्याचं ज्ञान आणि कौशल्य दिसायला हवं आणि गुण एकाहून अधिक खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीतून यायला हवेत. ही सूट देताना खासदारांच्या डोळ्यांसमोर माझ्या भाच्याची लीग होती, म्हणजे मोसमभर चालणारी, ओळखीच्यांची. कंपन्यांनी ती अट वाचली आणि विचारलं, मोसमभर असं कुठे लिहिलंय? २००९ मध्ये फॅनड्युएल आलं, २०१२ मध्ये ड्राफ्टकिंग्ज. मोसम गेला, एक दिवस उरला. दहा ओळखीचे गेले, हजारो अनोळखी आले.

तिथे आखणीचा अर्थच बदलला. हजारोंच्या स्पर्धेत चांगला संघ पुरत नाही, वेगळा संघ लागतो. म्हणून कुठला खेळाडू किती टक्के लोकांनी घेतलाय ही माहिती सोन्याची झाली. २०१५ मध्ये ड्राफ्टकिंग्जच्या एका कर्मचाऱ्याकडून ती माहिती वेळेआधी बाहेर पडली आणि त्याच आठवड्यात तो फॅनड्युएलवर साडेतीन लाख डॉलर जिंकला, असं उघड झालं. संघ नक्की करण्याची मुदत संपल्यावरच ती त्याच्या हाती आली होती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पण गवगवा झाला तो झालाच. त्याच वर्षी मॅकिन्झीच्या लोकांनी बेसबॉलच्या अर्ध्या मोसमाचा हिशेब काढला : नफ्यापैकी ९१ टक्के रक्कम १.३ टक्के खेळाडूंच्या खिशात! हे लोक संगणकावर शेकडो संघ एका दमात उतरवणारे. म्हणजे कौशल्य होतं हो, भरपूर होतं. प्रश्न एवढाच की ते कोणाकडे होतं आणि पैसे कोणाचे होते.

न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलने त्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही कंपन्यांना हा जुगार आहे म्हणून बजावलं. २०१६ मध्ये राज्याने कायदा करून तो कौशल्याचा खेळ ठरवला आणि २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ असा कौल दिला. सात न्यायाधीशांतही एकाच मताचा फरक.

आपल्याकडे याच वादाची मुळं शब्दकोड्यांत आहेत. मुंबई राज्याने बक्षिसांच्या कोड्यांवर कायदा केला, आणि १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्यात मुख्यतः कौशल्य लागतं तो जुगार नव्हे. त्याच तत्त्वावर २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम११ ला कौशल्याचा खेळ मानलं. पण तिथे स्पर्धा एकाच सामन्यावर. अमेरिकेच्या २००६ च्या कायद्यातली अनेक सामन्यांची अट आपल्याकडे नव्हतीच. (नंतर तिथेही एका सामन्याचे प्रकार निघाले, ते सोडा.)

आमच्या गल्लीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक मुलगा आहे. त्याची वही मी पाहिली आहे. खेळपट्टी, नाणेफेक, कोणता बॅट्समन डावखुऱ्या स्पिनला अडकतो, सगळं. माझ्यापेक्षा दसपट अभ्यास. दोन आयपीएलमध्ये त्याने दुकानाचं डिपॉझिट घालवलं, नंतर वडिलांना कळलं. तो मूर्ख नव्हता आणि आळशीही नव्हता. पण त्याची वही एका सामन्यापुरती होती आणि समोर लाखो लोक होते, त्यांतले कित्येक एकाच स्पर्धेत ढीगभर संघ उतरवणारे. चौदा आठवडे त्याला कधी मिळालेच नाहीत.

२१ ऑगस्ट २०२५ ला संसदेने ऑनलाइन मनी गेमच बंद केले. कौशल्य की नशीब, हा प्रश्नच बाजूला ठेवला. पैसे भरून पैशांच्या आशेने खेळताय का, एवढंच विचारलं. साठ वर्षांच्या वादानंतर कोणीतरी प्रश्न बदलला, ते मला पटतं. धास्ती वेगळी आहे. मटक्यावर तर १८८७ पासूनचा कायदा होता, म्हणून मटका थांबला का? तो मुलगा आता काय खेळतो ते मी विचारलं. तो हसला आणि फोन उलटा ठेवला.

शेजारच्या काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग या रविवारी तुमच्या समोर कोण आहे?" भाचाच आहे. त्याचे ११८ दाखवतायत, माझे १०४. दोन मोहरे बाय वीकमुळे घरी आहेत. म्हणजे मी कमजोर. मोकळ्या जागेत दहा-बारा आणणारा भरवशाचा म्हातारा आहे आणि बाकावर एक पोरगा, जो दोन आणेल नाहीतर पंचवीस. काका म्हणाले, पोरगा खेळवा. नऊ वाजता यादी येऊ दे, मग बघतो.