सरांची लेन्स आणि लॅम्बटनचा थिओडोलाइट

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया आणि किल्ले यांच्याविषयी बोलतो. आजचा विषय त्या मानाने लहान आहे, तळहातावर मावेल एवढा. माझ्या टेबलावर एक जुनी रशियन लेन्स पडून आहे. ती दुरुस्त करावी की तिच्याऐवजी दुसरी घ्यावी, हे मला गेले दोन महिने ठरवता येत नव्हते. शेवटी उत्तर सापडले ते 1808 सालच्या तंजावरमध्ये. ते कसे, तेच आज सांगतो.

आधी लेन्सविषयी. हेलिओस 44-2, 58 मिलिमीटर, झेनिट कॅमेऱ्यावर येणारी. तिची रचना मूळची जर्मन. येना इथल्या झाइस कारखान्याच्या बायोटार लेन्सवरून, दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियाने ती बनवायला घेतली. आत काचेची सहा भिंगे असतात. ही लेन्स माझी नव्हे, माझ्या बॅटरी कमांडरची. आम्ही दोघेही तोफखान्यातले, दोघेही मराठी, त्यामुळे युनिटमध्ये 'सर' आणि घरी दादा-वहिनी असे नाते होते. 1987 साली श्रीलंकेला निघताना त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अर्धा रोल शिल्लक आहे, संपवून ठेव." सर परत आले नाहीत. रोल मी संपवला नाही, तसाच धुवायला दिला. कॅमेरा वहिनींना परत करायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्याकडेच राहू द्या."

त्यानंतर माझ्या बदल्या होत राहिल्या, आसाम, सिक्कीम, पुन्हा आसाम. लेन्स चामड्याच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत. दमट हवेत बंद चामड्याच्या पिशवीसारखी वाईट जागा नाही, हे मला तोफखान्याच्या दुर्बिणी सांभाळताना चांगले ठाऊक होते. तरी माझ्याकडून ते झाले. या वर्षी सरांच्या मुलीचा फोन आला. तिचा मुलगा इथे देहरादूनच्या मिलिटरी अकादमीतून पास आउट होतोय. म्हणाली, "काका, बाबांच्या लेन्सने परेडचे फोटो काढाल का? त्याच्या खांद्यावर स्टार लावतानाचा एक तरी."

ट्रंक उघडली. लेन्स उजेडात धरली, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. फोकसचे कडे ग्रीस वाळल्याने घट्ट झालेले.

दिल्लीला चांदणी चौकात कॅमेऱ्यांची एक गल्ली आहे. तिथल्या एका जुन्या कारागिराने लेन्स पाहून तीन मार्ग सांगितले. पहिला, उघडून साफ करायची. बुरशी जाईल, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर ते डाग तसेच राहतील. दुसरा, तशाच दुसऱ्या हेलिओसमधली चांगली भिंगे काढून या नळीत बसवायची. तिसरा, ही शोकेसमध्ये ठेवून दुसरी घ्यायची. या लेन्स लाखोंनी बनल्या, आजही सेकंडहँड सहज मिळतात. दुरुस्तीचा खर्च आणि दुसरीची किंमत यांत फारसा फरक नव्हता. म्हणजे पैशाने प्रश्न सुटणार नव्हता.

आता तंजावरला जाऊ.

विल्यम लॅम्बटन हा ब्रिटिश फौजेतला अधिकारी. सूर्यग्रहण पाहताना त्याचा एक डोळा अधू झाला होता. 1802 साली त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात पायारेषा मोजली आणि हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात केली. पद्धत सांगायला सोपी आहे. जमिनीवर एक रेषा साखळीने अत्यंत काटेकोर मोजायची. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या तिसऱ्या खुणेचे कोन घ्यायचे. एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. मग त्यातली एक बाजू धरून पुढचा त्रिकोण. असे त्रिकोणांचे जाळे विणत पुढे जायचे. आम्ही तोफखान्याच्या सर्व्हेत हेच शिकलो, फक्त आमचे जाळे लहान असे.

या कामाचा आत्मा म्हणजे थिओडोलाइट, कोन मोजणारी दुर्बीण. लॅम्बटनचे यंत्र लंडनच्या विल्यम कॅरीने बनवले होते. त्याचे आडवे वर्तुळ 36 इंच व्यासाचे आणि वजन सुमारे अर्धा टन. ते हिंदुस्थानात येतानाच फ्रेंचांच्या हाती लागले होते. त्यांनी ते मॉरिशसला नेले आणि शास्त्राचे उपकरण आहे हे ओळखून मद्रासला पाठवून दिले. शत्रूचा असा दिलदारपणा इतिहासात क्वचित दिसतो.

1808 साली लॅम्बटन तंजावरला पोहोचला. तिथे तेव्हा आपल्या भोसल्यांची गादी होती, दुसरे सरफोजी राजे राज्यावर होते. कावेरीचा तो मुलूख सपाट, झाडीचा. दूरच्या खुणा दिसायला डोंगर नाहीत, म्हणून उंच देवळांचा आधार घ्यायचा. बृहदीश्वराचे शिखर दोनशे फुटांहून उंच. थिओडोलाइट दोरांनी वर चढवत असताना ताण देणारा दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. आडवे वर्तुळ वाकले.

याचा अर्थ नीट समजून घ्या. त्या वर्तुळावरच अंशांच्या बारीक खुणा कोरलेल्या असतात. वर्तुळ गोल राहिले नाही तर वाचलेला प्रत्येक कोन खोटा. आणि एक कोन चुकला की पुढचे सगळे त्रिकोण ती चूक घेऊन चालतात.

लॅम्बटनने काय केले, ते जॉर्ज एव्हरेस्टने पुढे लिहून ठेवले आहे. त्याने तंबूत स्वतःला कोंडून घेतले आणि यंत्र पूर्ण सुटे केले. एका सपाट फळीवर मूळ मापाचे वर्तुळ आखून कापले. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या वापरून वाकलेले धातूचे कडे थोडेथोडे ओढत त्या वर्तुळाला जुळवले. वाकलेले आरे लाकडी हातोडीने हलके ठोकून सरळ केले. सहा आठवडे लागले. यंत्र जवळजवळ पूर्वीसारखे झाले.

'जवळजवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. तो लॅम्बटनलाही ठाऊक होता. अशा यंत्रावर काम करायचे तर एकच कोन वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवरून पुन्हा पुन्हा वाचायचा आणि सरासरी घ्यायची, म्हणजे एका जागेचा वाकडेपणा दुसऱ्या जागी भरून निघतो. शिवाय काही अंतर गेल्यावर जमिनीवर नवी रेषा साखळीने मोजायची आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहायची. असे करत लॅम्बटन पुढची पंधरा वर्षे चालत राहिला. 1823 साली हैदराबादहून नागपूरकडे जाताना वाटेत त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला आहे. त्या गावच्या किती लोकांना हे माहीत असेल, कुणास ठाऊक.

त्याच्या जागी एव्हरेस्ट आला. त्याला हे जखमी यंत्र वारशात मिळाले. 1825 साली तो आजारी होऊन इंग्लंडला गेला आणि 1830 साली परतला, तो नवा 36 इंची थिओडोलाइट आणि हेन्री बॅरो नावाचा कारागीर घेऊन. म्हणजे बदली यंत्र मिळाले. मग जुने फेकले का? नाही. कलकत्त्याच्या कार्यशाळेत त्याची पुनर्बांधणी झाली. त्या कार्यशाळेत पुढे बॅरोच्या जागी आले अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन. आधी मद्रासमध्ये ते दागिने आणि घड्याळे दुरुस्त करत. एव्हरेस्टला त्यांच्या हातावर पूर्ण भरवसा होता, पण कंपनी सरकारने त्यांना पगार मात्र बॅरोपेक्षा कमीच दिला. हीच कार्यशाळा स्वातंत्र्यानंतर नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही सरकारी कंपनी झाली आणि तिने 'नॅशनल 35' नावाचा कॅमेराही बनवला. थिओडोलाइट आणि माझी लेन्स यांच्यात असे नाते निघेल, असे मला वाटले नव्हते.

पण एव्हरेस्टने आणखी एक गोष्ट केली. बिदर ते सिरोंज हा टप्पा जुन्या साधनांनी मोजून झाला होता. नव्या यंत्रांनी उत्तरेचे काम आटोपल्यावर तो टप्पा त्याने पुन्हा मोजून घेतला. त्या जुन्या मोजणीत त्याची स्वतःची तरुणपणीची मेहनत होती. आजारपण काढून, तापात फिरून केलेली. तरी तिला त्याने आडकाठी होऊ दिली नाही.

मित्रहो, लॅम्बटनने दुरुस्त केले ते बरोबर होते आणि एव्हरेस्टने नवे आणले तेही बरोबर होते. लॅम्बटनपाशी दुसरे यंत्र नव्हते, पण दुरुस्तीनंतर दोष किती उरला हे तपासण्याची रीत होती. एव्हरेस्टला त्याहून बारीक काम करायचे होते आणि त्या कामाला उरलेला दोषही चालणार नव्हता. वस्तू दुरुस्त होईल का, हा प्रश्न दोघांनी शेवटचा मानला नाही. उद्या तिच्याकडून कोणते काम घ्यायचे आहे, हे त्यांनी आधी विचारले.

मी तेच केले. पहिला मार्ग निवडला, साफसफाई. दुसऱ्या लेन्सची भिंगे घालायला नाही म्हणालो. थिओडोलाइटचे मोल त्याच्या कोनांत होते, त्यामुळे त्याचे भाग बदलले तरी चालले. या लेन्सचे मोल सरांनी ज्या काचेतून पाहिले त्या काचेत आहे. ती बदलली तर मुलीला मी काय देणार?

लेन्स परत आली. कडे मऊ फिरू लागले. बुरशी गेली, पण मधल्या एका भिंगावर डाग राहिले. मग चाचणी. ट्रायपॉड लावून विटांच्या भिंतीचे फोटो, वेगवेगळ्या छिद्रमापांवर. मग झाडाच्या सावलीत, मग सूर्याकडे तोंड करून. निकाल वहीत लिहिला. सावलीत चित्र स्वच्छ येते. सूर्य समोर असला की सगळ्यावर दुधाळ पडदा चढतो.

परेड उन्हात असते. स्टार लावण्याचा क्षण काही सेकंदांचा, आणि सूर्य कुठे असेल ते माझ्या हातात नाही. मी मुलीला फोन केला. म्हणालो, "बेटा, स्टारचा फोटो मी नव्या लेन्सने काढणार. तो चुकला तर पुन्हा मिळणार नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबांनीही हेच सांगितलं असतं."

परेड झाली. नव्या लेन्सने स्टारचा फोटो नीट आला. नंतर आम्ही सगळे एका झाडाच्या दाट सावलीत उभे राहिलो. वहिनी मध्ये, एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला नवा लेफ्टनंट. मी सरांची लेन्स चढवली. वहिनींनी ती ओळखली. त्यांनी काही विचारले नाही, फक्त पदर सारखा केला आणि लेन्सकडे सरळ पाहिले.

लेन्स आता त्या लेफ्टनंटकडे आहे. सोबत माझी वहीही दिली आहे, दोष कुठे आहे ते लिहिलेली. आणि एक ताकीद: चामड्याच्या पिशवीत ठेवायची नाही, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवायची.

तुमच्या घरीही अशी एखादी लेन्स किंवा दुर्बीण असेल. आज ती उजेडात धरून पाहा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.